पोथ्या-नकाशांसाठी कोणता इमेज सर्व्हर? आधी फाईलींकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या ट्रस्टच्या ग्रंथालयाने पोथ्या आणि मोडी कागदपत्रांची सुमारे ४०,००० पानं आणि २०० मोठे नकाशे ४०० पीपीआयला (इंचाला ४०० पिक्सेल) स्कॅन करून घेतले आहेत. मास्टर (मूळ, न दाबलेल्या) टिफ फाईली मिळून सव्वा टीबीच्या आसपास. १६ जीबी रॅमचा एकच सर्व्हर आहे आणि संगणक बघणारा मुलगा आठवड्यातून दोनदा येतो. इमेज सर्व्हर, म्हणजे मोठ्या चित्राचा हवा तो भाग ब्राउझरला देणारा प्रोग्राम, कोणता घ्यावा: कँटलूप, आयआयपीइमेज, की व्हेंडर देतोय तो विकतचा? शिवाय समितीचं म्हणणं आहे की चित्रं दिसली पाहिजेत, पण कुणाला डाउनलोड करता येता कामा नयेत.

आधी उत्तर देऊन टाकतो. तुमच्या ठिकाणी मी आयआयपीइमेज बसवेन, त्याच्यापुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवेन आणि व्हेंडरला चहा पाजून परत पाठवेन. मात्र सॉफ्टवेअर निवडणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. कँटलूपही उत्तम आहे. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, दोन्ही ट्रिपल आय एफ (चित्रं मागण्या-देण्याची ग्रंथालयांची सामाईक पद्धत) बोलतात आणि चुकीच्या फाईली पुढ्यात टाकल्या तर दोन्ही रडवतात. खरे कष्ट फाईली तयार करण्यात आणि त्यांना नावं देण्यात आहेत, आणि नेमकं तेच काम सगळे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

मीही ढकललं होतं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या नकाशा-संग्रहाचं उद्घाटन होतं. हार-तुरे झाले, अध्यक्षांनी बटण दाबलं, पडद्यावर करडा चौकोन आला आणि तसाच राहिला. एव्हाना मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मोबाइलवरही तोच नकाशा उघडला होता. मिनिटभरात सर्व्हर आडवा. रात्री बसून लॉग वाचले तेव्हा कळलं की बाकी सगळे नकाशे नीट होते. हा एकच आयत्या वेळी आलेला आणि मी तो साधा जेपेग म्हणून तसाच फोल्डरमध्ये टाकलेला. डिस्कवर फाईल जेमतेम ६० एमबीची, म्हणून संशयही आला नाही.

आता हिशेब बघा. १०० बाय ७० सेंटिमीटरचा नकाशा ४०० पीपीआयला म्हणजे साधारण १५,७४८ बाय ११,०२४ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर मेमरीत उलगडल्यावर ५२० एमबी. दर्शक-प्रोग्राम, म्हणजे व्ह्यूअर, चित्र एकसंध मागत नाही. तो लहान चौकोनी फरशा मागतो, ज्यांना टाइल म्हणतात. जुन्या पद्धतीच्या जोडणीत ब्राउझर एका सर्व्हरकडे एका वेळी सहा मागण्या लावतो. आमचा त्या वेळचा सर्व्हर प्रत्येक फरशीसाठी आख्खा जेपेग उलगडत होता. सहा वेळा ५२० म्हणजे तीन जीबीच्या वर, तेही एकट्या अध्यक्षांच्या लॅपटॉपसाठी. तो सर्व्हर ज्यावर चालायचा त्या जावाला मी चार जीबी मेमरी दिली होती. मागच्या रांगेतला पहिला मोबाइल पुरेसा झाला.

तेव्हापासून माझा नियम असा: मास्टर फाईल इमेज सर्व्हरच्या वाऱ्यालाही उभी करायची नाही. मास्टर वेगळ्या डिस्कवर, दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत. सर्व्हरला द्यायचं ते पिरॅमिड टिफ. त्यात एकाच फाईलमध्ये मूळ आकार, त्याचा अर्धा, पाव, अष्टमांश असे थर असतात आणि प्रत्येक थर आधीच फरशांमध्ये कापलेला असतो. कुणी उजव्या कोपऱ्यातला डोंगर मोठा करून पाहिला तर सर्व्हर त्या थरातल्या तेवढ्याच फरशा उचलून देतो. बाकी फाईलला हातही लागत नाही. जागेची काळजी नको. वरच्या सगळ्या थरांची मिळून भर मूळच्या एक तृतीयांशाएवढीच होते, कारण लांबी-रुंदी दोन्ही निम्मी झाल्याने प्रत्येक थर आधीच्याच्या चौथा हिस्सा असतो.

हे थर व्हिप्स नावाच्या मुक्त लायब्ररीने करा. ती चित्राचा तुकडा-तुकडा घेऊन पुढे सरकते, त्यामुळे ५२० एमबीचा नकाशाही थोड्या मेमरीत निघतो. टिफ साठवण्याच्या आज्ञेला टाइल, पिरॅमिड आणि आत जेपेग कॉम्प्रेशन एवढे तीन पर्याय लावायचे. क्वालिटी मी ८८ ठेवतो. ७५ ला छापील पुस्तक चालून जातं, पण मोडीच्या बारीक बोरूच्या फटकाऱ्यांभोवती धुरकट ठिपके येतात आणि वाचणारा शाई फुटली समजतो. स्कॅन १६ बिटचे असतील तर आधी ८ बिट करून घ्या, नाहीतर जेपेग कॉम्प्रेशन अडून बसेल. तुमचं पोथीचं पान ३० बाय १२ सेंटिमीटरचं धरलं तर मूळ २७ एमबीचं साडेतीन-चारवर येईल. सव्वा टीबीचा डोंगर दीडशे जीबीच्या आसपास बसतो आणि तो साध्या एसएसडीवर मावतो.

रंगाबद्दल एक सांगायला हवं. बरेच स्कॅनिंगवाले अ‍ॅडोबी आरजीबी रंगावकाशात फाईली देतात. पिरॅमिड करताना किंवा पुढे फरशा देताना ते प्रोफाइल गळून पडलं की ब्राउझर रंग फिके दाखवतो. पोथ्यांत हे लगेच जाणवतं: हिंगुळाचं लाल विटकरी दिसतं आणि हरताळाचं पिवळं कागदात मिसळून जातं. लेखनिकाने चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून ते बुजवलं आहे हे पाठभेद बघणाऱ्याला दिसलंच पाहिजे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला तो याच कामातून, आणि आपणच त्यावर हरताळ फासायचा म्हणजे कमाल झाली. म्हणून पिरॅमिड करतानाच रंग एसआरजीबीत, म्हणजे ब्राउझर धरून चालतो त्या रंगावकाशात, बदलून घ्या. एक लाल-पिवळं पान मूळ पोथीशेजारी धरून डोळ्यांनी तपासा. याला दुसरा उपाय नाही.

आता नावं. इथे माझे केस जास्त पांढरे झाले आहेत.

ट्रिपल आय एफ ही २०११ च्या सुमारास मोठ्या ग्रंथालयांनी मिळून ठरवायला घेतलेली पद्धत. त्यात चित्राचा पत्ता ठरावीक क्रमाने लिहायचा असतो: सर्व्हर, मग चित्राची ओळख, मग कोणता भाग, किती आकारात, किती अंश फिरवून, कोणत्या क्वालिटीत आणि शेवटी फाईलचा प्रकार. फाईलच्या प्रकाराआधी टिंब, बाकी प्रत्येक दोन गोष्टींमध्ये तिरकी रेघ. म्हणजे तिरकी रेघ हा या पत्त्याचा कणा आहे. आणि आपल्याकडच्या जुन्या संग्रहांचे क्रमांक कसे असतात? डेक्कन कॉलेजातून १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे आलेला सरकारी हस्तलिखितसंग्रह घ्या. तिथे क्रमांक मिळवलेल्या वर्षासकट सांगायची रीत आहे, अमुक क्रमांक १८८१-८२ चा. लहान संस्थांनी तीच रीत उचलली आणि नोंदवहीत मध्ये सरळ तिरकी रेघ ओढली. ती रेघ ओळखीत आली की तिला सांकेतिक रूपात लिहावं लागतं. अपाची हा वेब सर्व्हर मुळात असा पत्ता स्वीकारतच नाही, ‘सापडलं नाही’ म्हणून हात वर करतो. एन्जिनएक्समध्ये पुढे पाठवायच्या पत्त्याला मार्ग जोडलात तर तो संकेत परत उलगडतो आणि मागच्या सर्व्हरला वेगळंच काहीतरी ऐकू येतं. दोन्हींवर तोडगे आहेत, कँटलूपमध्ये तर रेघेऐवजी दुसरं चिन्ह मानायची सोय आहे. पण दुखणं वाढवून औषध कशाला? ओळखीत फक्त लहान रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ ठेवा. नोंदवहीतला क्रमांक माहितीच्या रकान्यात जसाच्या तसा राहू द्या.

‘मराठी संस्था आहे तर फाईलींची नावं मराठीत का नकोत?’ असं कुणीतरी समितीत विचारणारच. भावना रास्त आहे. पण ‘साताऱ्याचा नकाशा’ हे नाव टाइप करून बघा. त्यातलं ‘ऱ’ हे संगणकात एक अक्षर म्हणून बसू शकतं, किंवा र आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. काही जुन्या कळफलकांनी अर्धा र अदृश्य जोडचिन्ह वापरून केलेला असतो. डोळ्यांना तिन्ही सारखे. मॅकवरच्या जुन्या डिस्कपद्धतीने नाव जोडीत बदललेलं असतं, लिनक्स सर्व्हर बाइटला बाइट लावून बघतो आणि फाईल समोर असूनही नाही म्हणतो. अशा एका ‘ऱ’पायी आमचे दोन दिवस गेलेत. चूक सर्वस्वी माझी; नियम मीच केला नव्हता.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आयआयपीइमेज का, याचं उत्तर यात आहे. तो सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, नव्वदच्या दशकातल्या युरोपीय प्रकल्पांतून वाढलेला जुना-जाणता सर्व्हर. फास्टसीजीआय नावाच्या जोडणीने वेब सर्व्हरला जोडला जातो, डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजांत तयार मिळतो, मेमरी फार खात नाही. त्याला टिफ आणि जेपेग २००० एवढंच समजतं. साधा जेपेग तो उघडतच नाही. माझ्या दृष्टीने हाच त्याचा गुण. आयत्या वेळी कुणी चुकीची फाईल टाकली तर ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच नाकारली जाईल. सेटिंग्जही मोजकी: चित्रांचं फोल्डर कुठे, एका मागणीत जास्तीत जास्त केवढं चित्र द्यायचं, जेपेगची क्वालिटी किती, कॅश किती. जेपेगची क्वालिटी मुळात ७५ असते, ती वाढवा. शेजारी मेमकॅश्ड (तयार फरशा मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्राम) लावलात तर त्याच त्या फरशा पुन्हा तयार कराव्या लागत नाहीत.

कँटलूप इलिनॉय विद्यापीठातून आला, जावात लिहिलेला आहे आणि फार लवचीक आहे. चित्रं डिस्कवरून घेईल, अ‍ॅमेझॉनच्या एस३ या ऑनलाइन भांडारातून घेईल, दुसऱ्या वेबसाइटवरून ओढून आणेल, पीडीएफचं पान काढून देईल. रूबी भाषेत छोटा प्रोग्राम लिहून कुणाला काय दिसावं हेही ठरवता येतं. तुमच्याकडे डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरची सातवी किंवा पुढची आवृत्ती असती आणि चित्रं त्यातच ठेवायची असती, तर मी डोळे मिटून कँटलूप म्हटलं असतं, कारण डीस्पेसने त्याच जोडीचा विचार केलेला आहे. पण लवचीकपणा सांभाळायला माणूस लागतो. जावाची आवृत्ती, मेमरीची मर्यादा, कँटलूपच्या मोठ्या आवृत्त्यांत बदलणारी सेटिंग्ज हे सगळं आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मुलाच्या गळ्यात मारू नये. लोरिस या आणखी एका इमेज सर्व्हरचं नाव जुन्या लेखांत वाचाल. नव्या कामासाठी तो घेऊ नका. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत वाढलेला डिजिलिब चांगला आहे, पण तुम्हाला आयआयपीइमेजपेक्षा जास्त काही देणार नाही.

सर्व्हरच नको, फरशा आधीच कापून साध्या फाईली म्हणून ठेवू, असंही करता येतं. व्हिप्स तशा फरशा थेट ट्रिपल आय एफच्या मांडणीत कापून देतो. पन्नास-शंभर चित्रांच्या प्रदर्शनाला ही उत्तम सोय. तुमच्याकडे मात्र एका पोथीच्या पानाच्या ५१२ च्या फरशा केल्या तर सगळे थर मिळून ५६ फाईली होतात. गुणिले ४०,०००. बावीस लाखांच्या वर बारीकसारीक फाईलींचा बॅकअप एकदा घेऊन बघा म्हणजे पुन्हा हा विचार मनात येणार नाही.

बसवताना हमखास होणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रत्येक चित्रासोबत सर्व्हर एक माहितीपत्रक देतो, इन्फो डॉट जेसन. त्यात चित्राची लांबी-रुंदी, फरशीचा आकार आणि स्वतःचा पत्ता असतो. सर्व्हर एन्जिनएक्सच्या आड असला की तो तिथे स्वतःचा आतला पत्ता लिहून मोकळा होतो, कधी ‘लोकलहोस्ट’, कधी बिगर-सुरक्षित एचटीटीपी. ग्रंथालयातल्या संगणकावर सगळं झकास दिसतं आणि कोथरूडमधल्या वाचकाला रिकामी चौकट. म्हणून मूळ पत्ता सेटिंगमध्ये स्पष्ट लिहा. आयआयपीइमेजमध्ये त्याला बेस यूआरएल म्हणतात. त्याच बैठकीत दुसऱ्या साइटवरच्या व्ह्यूअरना चित्रं वाचायची परवानगीही चालू करा, नाहीतर बाहेरचा अभ्यासक तुमचं पान आणि लंडनच्या एखाद्या ग्रंथालयातलं पान शेजारी लावून बघू शकणार नाही, आणि या सगळ्या खटाटोपाचा अर्धा फायदा तोच आहे. सेवा यंत्रासोबत आपोआप सुरू होते ना, हेही बघा. पावसाळ्यात वीज जाते, सर्व्हर उठतो, सेवा उठत नाही, आणि मुलगा गुरुवारी येणार असतो.

हल्ली एक नवीन त्रास आहे, यंत्रमानवी वाचकांचा. एकाच नकाशाचे भाग, आकार, कोन यांच्या जुळण्या अगणित होतात आणि अधाशी बॉट प्रत्येक पत्ता नवीन समजून मागत सुटतात. एन्जिनएक्समध्ये एका आयपीमागे मागण्यांची मर्यादा घाला. पण ती कंजूषपणे घालू नका. एक नकाशा उघडला की एका दमात तीस-चाळीस फरशा मागितल्या जातात, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतली वीस मुलं बाहेरून एकाच आयपीची दिसतात. एकदम शे-दोनशे मागण्या चालतील अशी सवलत ठेवून मग लगाम ओढा.

आता समितीच्या मुद्द्याकडे. त्यांना स्पष्ट सांगा: जे पडद्यावर दिसतं ते उतरवता येतं. तुमच्या नकाशाच्या पूर्ण आकाराच्या फरशा ५१२ च्या मापात ६८२ होतात आणि त्या जोडून अखंड नकाशा करणारी साधनं उघडपणे उपलब्ध आहेत. उजवं बटण बंद करणं म्हणजे दाराला कडी न लावता पाटी लावण्यासारखं. वॉटरमार्कची सोय आयआयपीइमेजमध्ये आहे, अगदी किती टक्के फरशांवर तो उमटावा हेही ठरवता येतं. पण ज्या शब्दावर अभ्यासक अडलाय नेमका त्याच शब्दावर शिक्का बसला की शिव्या ग्रंथालयाला पडतात.

मी सुचवतो ते असं: जाहीर सर्व्हरवर नकाशांचे २०० पीपीआयचे पिरॅमिड ठेवा. तेही ७,८७४ बाय ५,५१२ पिक्सेलचे होतात, गावांची नावं सुखाने वाचता येतात. ४०० चे पिरॅमिड फक्त वाचनालयातल्या अंतर्गत जाळ्यावर. जे बाहेर ठेवलंच नाही ते कुणी नेऊ शकत नाही. बहुतेक वेळा समितीला मनातून हवं असतं ते श्रेय, आणि त्याची सोय वेगळ्या जागी आहे.

ती जागा म्हणजे मॅनिफेस्ट. इमेज सर्व्हरला पानांचा क्रम कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक पान सुटं. कोणत्या पोथीत कोणतं पान कुठे, पत्र १अ (पहिल्या सुट्या पानाची पुढची बाजू) नंतर १ब (मागची), कोणत्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) कोणतं पत्र, हे मॅनिफेस्ट नावाच्या फाईलमध्ये लिहायचं. संस्थेचं नाव आणि श्रेयाची ओळ वाचकाला दाखवलीच पाहिजे अशी नोंदही तिथेच करता येते आणि मिराडोर किंवा युनिव्हर्सल व्ह्यूअर हे दर्शक-प्रोग्राम ती दाखवतात. पोथ्यांसाठी एक खास गोष्ट: आपली सुटी पत्रं पुस्तकासारखी डावी-उजवीकडे उलटत नाहीत, वरच्या बाजूला उलटतात. मॅनिफेस्टमध्ये वाचनाची दिशा वरून खाली अशी देता येते. ती दिली नाही तर काही व्ह्यूअर ‘अ’ आणि ‘ब’ बाजू इंग्रजी पुस्तकाच्या डाव्या-उजव्या पानांसारख्या शेजारी मांडतात, आणि जन्मभर पोथ्या हाताळलेले शास्त्रीबुवा पडद्याकडे बघून चष्मा पुसत बसतात. मॅनिफेस्ट हाताने लिहायची नाहीत. नोंदवहीचं स्प्रेडशीट नीट असेल तर छोट्या पायथन प्रोग्रामने ४०,००० पानांची मॅनिफेस्ट एका दुपारी निघतात. स्प्रेडशीट नीट नसेल तर आधी तेच करा.

व्हेंडरशी करार करणार असालच, तर एक गोष्ट त्यांच्या हातात देऊ नका: डोमेन. ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर हवं. एका ट्रस्टचं डोमेन बसवणाऱ्याच्या खासगी खात्यावर होतं. त्याने धंदा बदलला, नूतनीकरण राहिलं, आणि प्रबंधांच्या तळटीपांत छापलेले सगळे पत्ते एका रात्रीत मेले. सर्व्हर उद्या आयआयपीइमेजचा कँटलूप झाला तरी वाचकाला कळणार नाही, पत्ता तोच राहिला तर.

सुरुवात सगळ्या सव्वा टीबीने करू नका. एका रुमालातली वीस पत्रं, एक लाल-पिवळी पोथी आणि तुमच्याकडचा सर्वांत मोठा नकाशा एवढंच घ्या. पिरॅमिड करा, सर्व्हर बसवा, स्प्रेडशीटमधून तेवढ्यांचीच मॅनिफेस्ट काढा. मग ग्रंथालयाचं वायफाय बंद करून पाच जणांनी आपापल्या मोबाइलवर एकाच वेळी तो नकाशा उघडा आणि शेजारी सर्व्हरवर मेमरीचा आकडा बघत राहा. तो हलला नाही की उरलेल्या नकाशांना हात घाला.